दक्षिणा, 'रहबर' आणि ग्रामगौरव : प्रौढ विद्यार्थ्याच्या सन्मानाचा इतिहास

शाळकरी मुलाला वर्गात आणण्यासाठी घर, वय आणि कायदा या तिन्ही गोष्टी शिक्षकाच्या मदतीला असतात. प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट शिक्षकाच्या हाती नसते. दिवसभर यंत्रमागावर, गॅरेजमध्ये, दुकानात किंवा घरकामात राबून संध्याकाळी वर्गात येणारी व्यक्ती स्वतःच्या इच्छेने येते आणि तितक्याच सहजपणे यायची थांबतेही. वर्गाच्या आरंभी भरलेली बाके दोन-तीन महिन्यांत निम्मी होतात, हा अनुभव प्रौढांना शिकवणाऱ्या बहुतेक संस्थांच्या परिचयाचा आहे. त्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे बक्षीस. रोख रक्कम, ढाल, प्रमाणपत्र, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार, वर्तमानपत्रात छायाचित्र अशी त्याची अनेक रूपे प्रचलित आहेत.

हा उपाय नवा नाही. पश्चिम भारतात प्रौढ विद्यार्थ्याला द्रव्य, मान आणि सनद देऊन विद्येकडे वळवण्याच्या प्रयत्नांना किमान तीन शतकांचा इतिहास आहे. त्या प्रयत्नांतील काही फळास आले, काही गाजले आणि विरले, तर काहींनी ज्यांच्यासाठी विद्या हवी होती त्यांनाच दाराबाहेर ठेवले. कोणता सन्मान टिकतो आणि कोणता समारंभाबरोबर संपतो, हे या इतिहासातून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. इजाजत : सन्मान म्हणजे जबाबदारी

इस्लामी विद्यापरंपरेत प्रौढ विद्यार्थी हा अपवाद नव्हता. हदीस, फिकह किंवा तफसीर शिकण्यासाठी वयाने वाढलेली, संसारी, कित्येकदा स्वतः शिकवणारी माणसे दूरचा प्रवास करीत. अशा विद्यार्थ्याला शेवटी मिळे ती इजाजत. अमुक ग्रंथ अमुक शिष्याने आपल्यापाशी वाचला आहे आणि तो पुढे शिकवण्याची त्याला परवानगी आहे, असे उस्ताद लिहून देत. या पत्राबरोबर शिष्याचे नाव गुरुपरंपरेच्या साखळीत, म्हणजे इसनादमध्ये, जोडले जाई. स्त्रियाही या परंपरेच्या बाहेर नव्हत्या. अकराव्या शतकात मक्केत 'सहीह बुखारी' शिकवणाऱ्या करीमा अल्-मर्वजिया यांच्याकडे मोठमोठे विद्वान वाचनासाठी येत.

भारतातील प्रसिद्ध उदाहरण शाह वलीउल्लाह देहलवी यांचे आहे. १७०३ मध्ये जन्मलेले शाहसाहेब १७३१-३२ च्या सुमारास हिजाजमध्ये होते. तोवर दिल्लीच्या मदरसा रहीमियामध्ये त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले होते. तरीही वयाच्या अठ्ठाविशीत ते मदीनेत शेख अबू ताहिर अल्-कुर्दी यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसले आणि हदीसची इजाजत घेऊन परतले. पुढे भारतातील हदीस अध्ययनाची एक मोठी साखळी त्यांच्यापासून सुरू झाली.

इजाजतीचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. ती मिळाल्याने शिष्याच्या हाती पैसा येत नव्हता, काम येत होते. 'तू शिकलास' या वाक्याला 'आता तू शिकव' हे वाक्य जोडलेले होते. मदरशांत शाबान महिन्याच्या सुमारास होणाऱ्या दस्तारबंदीच्या समारंभातही हाच अर्थ आहे. डोक्यावर बांधली जाणारी दस्तार हा मान आहे, आणि ज्याच्या डोक्यावर ती बांधली त्याच्याकडे लोक आता मसला विचारायला येणार, ही त्या मानाची जबाबदारी आहे. पुढील विवेचनात हा मापदंड वारंवार उपयोगी पडेल.

२. श्रावणमासाची दक्षिणा

शाह वलीउल्लाह हिजाजमध्ये होते त्याच सुमारास, १७३१ साली, डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. दाभाडे घराणे तळेगाव येथे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असे. घराण्याचा जोर ओसरल्यावर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली आणि तिचे रूप प्रचंड झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून ब्राह्मण पुण्यास येत. नामांकित शास्त्र्यांच्या विद्वत्तेची पारख होऊन त्यांना दर्जानुसार रकमा मिळत आणि उरलेल्यांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात सरसकट वाटप होई. भरभराटीच्या काळात हा खर्च लाखांच्या घरात जाई.

या प्रथेचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला भाग परीक्षेचा होता. वेद, न्याय, व्याकरण, वैद्यक अशा विषयांत प्रौढ विद्वानांनी वर्षानुवर्षे अभ्यास टिकवून ठेवावा यासाठी ती एक प्रेरणा होती, आणि तिने संस्कृत विद्येचे मोठे केंद्र पुण्यात उभे केले यात शंका नाही. दुसरा भाग दानाचा होता. तेथे विद्येची अट नाममात्र उरली आणि जन्माची अट तेवढी कायम राहिली. जेथे पारख होती तेथे बक्षिसाने अभ्यास वाढवला. जेथे पारख नव्हती तेथे त्याने फक्त गर्दी वाढवली. दोन्ही ठिकाणी मात्र बक्षिसाचे दार एकाच जातीसाठी उघडे होते. रयतेतील कुणबी, कारागीर, मुसलमान शिपाई किंवा कोणत्याही जातीची स्त्री या परीक्षेला बसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. दख्खनचा कारभार पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. लोकांत असंतोष पसरू नये आणि हा पैसा हळूहळू उपयुक्त विद्येकडे वळावा, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. वर्षाला पन्नास हजार रुपयांची मर्यादा ठरली. याच धोरणातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे दक्षिणेच्या यादीत नवी नावे घालणे थांबले आणि जुन्या धारकांचे वेतन तेवढे चालू राहिले. जुने धारक वारत गेले तशी रक्कम शिल्लक पडू लागली. ही शिल्लक कोणाच्या विद्येसाठी वापरायची, हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यातील मोठा वाद ठरला.

३. दक्षिणा प्राइझ कमिटी आणि नाकारलेले नाटक

१८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, अशी मागणी त्यात होती. सनातनी पक्ष खवळला आणि अर्जदारांना बहिष्काराच्या धमक्या आल्या. त्या प्रसंगी जोतीराव फुले यांनी आपल्या साथीदारांसह अर्जदारांची पाठराखण केली, अशी नोंद फुल्यांच्या चरित्रकारांनी केली आहे. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. संस्कृत पाठांतराला मिळणारा पैसा मराठी ग्रंथरचनेकडे वळला, आणि ही निश्चितच पुढची पायरी होती.

तथापि, बक्षीस देणारे हात बदलले तरी बक्षीस पारखणारे डोळे बदलतातच असे नाही. याचा दाखला फुल्यांच्याच आयुष्यात मिळतो. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते फुल्यांचा शालजोडी देऊन जाहीर सत्कार झाला. मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा चालवल्याबद्दलचा तो गौरव होता. तीनच वर्षांनी, १८५५ मध्ये, त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले, आणि कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे असे घडले, असे फुल्यांनी स्वतः पुढे नमूद केले.

या नाटकाचा विषय प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. जोशीबुवाच्या भुलाव्याला बळी पडलेले एक कुणबी जोडपे त्यात आहे. आपली फसवणूक अडाणीपणामुळे झाली हे त्यांना उमगते आणि शेवटी नवराबायको दोघेही शिकायचे ठरवतात. म्हणजे प्रौढ विद्यार्थ्याच्या जागृतीवरची ही रचना होती, आणि नेमकी तीच विद्येच्या बक्षिसासाठी अपात्र ठरली. त्याच १८५५ साली फुले दांपत्याने शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. तिथे येणाऱ्याला दक्षिणा मिळणार नव्हती. दस्तऐवजावर काय लिहिले आहे ते आपले आपण वाचता यावे, हीच तेथील कमाई होती.

फुल्यांच्या शिक्षणाचीच एक गोष्ट येथे आठवते. लहानपणी त्यांची शाळा सुटली होती आणि ते मळ्यात काम करीत होते. शेजारी राहणारे फारसी-उर्दूचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लेजिट साहेब यांनी वडील गोविंदराव यांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. या मुलात काही आहे, हे एका मुन्शींनी ओळखले आणि घरी जाऊन सांगितले. अशा ओळखण्याला बक्षीस म्हणत नाहीत, पण सुटलेले शिक्षण पुन्हा जोडायला ते पुरेसे ठरले.

उर्दूच्या अध्यापकांना याच्याशी ताडून पाहण्यासारखे उत्तरेतील उदाहरण परिचयाचे असेल. वायव्य प्रांताच्या सरकारने १८६८ मध्ये देशी भाषांतील उपयुक्त पुस्तकांसाठी बक्षिसे जाहीर केली आणि डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'मिरातुल उरूस' (१८६९) या पुस्तकाला एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. मात्र त्या पुस्तकाचा आरंभ बक्षिसासाठी झाला नव्हता. आपल्या मुलींना वाचायला योग्य असे काही मिळेना, म्हणून नजीर अहमद थोडे थोडे लिहून देत गेले. पुढचा भाग केव्हा मिळणार ही मुलींची ओढ हे त्या पुस्तकाचे पहिले बक्षीस होते. सरकारी रक्कम नंतर आली आणि तिने पुस्तक घरोघर पोचवले. बक्षीस कामाला बळ देते, कामाचा उगम मात्र बहुधा अन्यत्र असतो.

४. 'रहबर' : वाचक म्हणून मिळालेली ओळख

विसाव्या शतकात प्रौढशिक्षणाचा प्रश्न मूठभर विद्वानांपुरता राहिला नाही, तो लक्षावधी निरक्षरांचा झाला. १९३७ मध्ये प्रांतिक सरकारे आल्यावर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने आणि बिहारमध्ये डॉ. सय्यद महमूद यांनी साक्षरतेचे काम हाती घेतले. १९३८ मध्ये दिल्लीच्या जामिया मिल्लियात शफीकुर्रहमान किदवाई यांनी 'इदारा-ए-तालीम-ओ-तरक्की' ही प्रौढशिक्षणाची संस्था उभी केली. मुंबई शहरात निरनिराळ्या भाषांचे साक्षरता वर्ग निघाले.

या कामात कुलसुम सयानी यांचे नाव ठळकपणे पुढे येते. १९०० साली जन्मलेल्या कुलसुमबाई डॉ. रजबअली पटेल यांच्या कन्या. मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यांत पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोचायचे, तर वर्ग शाळेत भरवून भागणार नव्हते. म्हणून त्या घरोघर गेल्या. अनेक दारे बंद झाली, काही उघडली आणि वर्ग घरातच भरू लागले. अशा वर्गातील स्त्रीला जाहीर सत्कार देऊ केला असता तर ती कदाचित शिकायलाच आली नसती. व्यासपीठ, हार आणि टाळ्या हे तिच्या दृष्टीने बक्षीस नव्हते, संकट होते. कोणाला कोणता मान मानवतो हे ओळखण्याची गरज येथे स्पष्ट दिसते.

कुलसुमबाईंना दुसरी अडचण जाणवली ती अक्षरओळख झाल्यानंतरची. नुकतेच वाचू लागलेल्या प्रौढाने वाचायचे काय? मुलांची क्रमिक पुस्तके त्याला पोरकट वाटतात आणि वर्तमानपत्र जड जाते. यातून १९४० मध्ये 'रहबर' हे पाक्षिक निघाले. भाषा सोपी हिंदुस्तानी आणि लिप्या तीन, म्हणजे नागरी, उर्दू व गुजराती. हिंदी-उर्दूला जवळ आणण्याच्या या कामाला गांधीजींनीही पत्र लिहून आशीर्वाद दिला होता. सुमारे वीस वर्षे, १९६० पर्यंत, 'रहबर' चालले.

'रहबर'ला बक्षीसयोजना म्हणता येणार नाही हे खरे. तरीही प्रौढ विद्यार्थ्याच्या सन्मानाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याकडून पत्र वाचून घेतले, तिच्यासाठी एक पत्र निघते, तिच्या लिपीत छापले जाते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येते. 'तू आता वाचक आहेस' ही ओळख तिला एकदाच न मिळता दर पंधरवड्याला मिळत राहते. इजाजतीप्रमाणे येथेही सन्मानाबरोबर पुढचे काम हाती येत होते.

बडोदा संस्थानात हा धडा थोडा आधी गिरवला गेला होता. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. शाळा सुटल्यावर पुस्तक हाती आले नाही तर शिकलेले विसरले जाते, हे ध्यानात घेऊन १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची योजना आखली गेली आणि फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. श्रावणमास दक्षिणेचा वारसा सांगणाऱ्या मराठी राज्यकर्त्यांपैकी एकाने विद्येचा पैसा ग्रंथपेट्यांत घातला, ही घटना लहान नाही.

५. साताऱ्याचा ग्रामगौरव

सामुदायिक सन्मानाचा सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो 'ग्राम शिक्षण मोहिमे'च्या रूपाने. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात तिचा आरंभ झाला आणि १९६१ नंतर ती राज्याच्या इतर जिल्ह्यांत पसरली. साताऱ्याची जमीन अशा कामाला अनुकूल होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबनाने शिकण्याचा संस्कार तेथे चार दशके रुजवला होता. मोहीम सुरू झाली त्याच वर्षी, ९ मे १९५९ रोजी, कर्मवीरांचे निधन झाले.

मोहिमेची रीत साधी होती. १४ ते ५० वयोगटातील सर्व निरक्षर स्त्रीपुरुषांना सुमारे चार महिन्यांत वाचन, लेखन आणि जुजबी हिशेब शिकवायचा. शिकवणारे गावचेच प्राथमिक शिक्षक आणि शिकलेले तरुण असत आणि हे काम ते मोबदल्याशिवाय करीत. वर्ग देवळात, चावडीत, शाळेत, कोणाच्या ओसरीवर भरत. सगळे गाव तयार झाले की चाचणी होई आणि मग ग्रामगौरव समारंभ साजरा केला जाई. त्या दिवशी गाव सजे, मिरवणूक निघे, पाहुणे येत आणि नवसाक्षर आपली साक्षरता टिकवण्याची शपथ ग्रामदैवतासमोर घेत.

या योजनेचे मर्म असे की बक्षीस एकट्यादुकट्याचे नव्हते. गौरव व्हायचा तर तो सबंध गावाचा व्हायचा, आणि एखादी वस्ती मागे राहिली तर गावाचा मान अडत असे. त्यामुळे शिकलेल्याला न शिकलेल्याची काळजी घेणे भाग पडले. सून सासूला अक्षरे गिरवायला बसवी, मुलगा बापाला पाटी देई, असे चित्र त्यातून उभे राहणे स्वाभाविक होते. पेशव्यांच्या रमण्यात प्रत्येकजण आपापली रक्कम घेऊन बाहेर पडत होता. ग्रामगौरवात वाटून घेता येईल असे काही नव्हतेच. या कामाची दखल पुढे युनेस्कोनेही घेतली आणि १९७२ मध्ये मोहिमेला साक्षरतेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मोहिमेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. समारंभ हे ध्येय ठरले की सगळा जोर त्या दिवसापर्यंत राहतो. गौरव झाला, मांडव उतरला आणि शिक्षक आपल्या शाळेकडे परतले. फिरती वाचनालये व पाठपुराव्याचे वर्ग योजनेत होते, परंतु ती बाजू लंगडी राहिली. परिणामी अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे सरकले. देवासमोर घेतलेली शपथ प्रामाणिक होती, पण ती पाळायला घरात पुस्तक नव्हते. १९६० मध्ये 'रहबर' बंद झाले आणि त्याच सुमारास ग्रामगौरव जोरात होता. एकाकडे समारंभ नव्हता पण वाचन होते, दुसऱ्याकडे समारंभ होता पण वाचन अपुरे होते. दोन्ही एकत्र आले असते तर, हा विचार शिक्षणाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. कुलसुम सयानी यांना नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला तो १९६९ मध्ये, 'रहबर' बंद पडून नऊ वर्षे झाल्यावर. युनेस्कोचा पुरस्कार आला तोही मोहिमेचा पहिला जोर ओसरल्यानंतर. दोन्ही सन्मान सर्वस्वी योग्य होते. परंतु ज्यांच्यासाठी काम झाले त्या शिकणाऱ्यांच्या हाती त्या वेळी वाचायला काय होते, हे कोणी विचारले नाही.

६. निष्कर्ष : समारंभाच्या दुसऱ्या दिवशी

१९७१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. कोडे सोडवण्याबद्दल काही विद्यार्थ्यांना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात ते विद्यार्थी कोड्याकडे पूर्वीपेक्षा कमी वळले. जेथे पैशाऐवजी तोंडी शाबासकी दिली तेथे तशी घट दिसली नाही. पर्वतीच्या रमण्याने आणि गफार बेग मुन्शींच्या शब्दांनी हीच गोष्ट बरीच आधी दाखवून दिली होती.

वरील इतिहासातून प्रौढ विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या अध्यापकांना चार गोष्टी घेता येतील.

पहिली गोष्ट पात्रतेची. बक्षिसाची अट ठरवताना त्या अटीतून आपोआप कोण वगळले जाते, हे आधी पाहावे. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस पाळीत काम करणाऱ्या कामगाराला आणि तान्ह्या मुलाच्या आईला कधीच मिळणार नाही. 'तृतीय रत्न' नाकारणाऱ्या कमिटीला आपण काही वगळतो आहोत असे वाटले नसावे. वगळणाऱ्याला ते क्वचितच जाणवते.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. पहिल्या तिघांचा सत्कार केला की उरलेल्या सत्तावीस जणांना आपण हरलो असे वाटते, आणि आयुष्यात आधीच शाळा हरलेल्या माणसाला ते पुन्हा ऐकवण्याची गरज नसते. ठरावीक पायरी गाठणाऱ्या प्रत्येकाला मान्यता आणि संपूर्ण वर्गाला एकत्रित गौरव, ही साताऱ्याची रीत प्रौढांना अधिक मानवते. मात्र सामुदायिक गौरवाचा भार वर्गातील सर्वांत अडलेल्या विद्यार्थ्यावर टोमण्यांच्या रूपाने पडणार नाही, ही दक्षता शिक्षकानेच घ्यायची आहे.

तिसरी गोष्ट मान्यतेच्या रूपाची. मोहल्ल्यातील एखाद्या खातून व्यासपीठावर येणार नाहीत, पण आपल्या हस्ताक्षरातील मजकूर भित्तिपत्रकावर लागलेला पाहून त्या पुढच्या आठवड्यात नवा मजकूर आणतील. एखाद्या कामगाराला प्रमाणपत्रापेक्षा मालकाला दाखवता येईल असे दोन ओळींचे पत्र अधिक मोलाचे वाटेल. कोणाचा मान कशात आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या कामाची. सन्मानाबरोबर पुढची पायरी हाती दिली तरच तो टिकतो. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९९८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेले मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था यांच्यामुळे आज मराठी व उर्दू विद्यार्थ्यासमोर पुढच्या वाटा आहेत. प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशीच पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरून घ्यावा. चांगल्या विद्यार्थ्याला ढाल देण्याबरोबर पुढील तुकडीतील दोन नवख्यांची जबाबदारीही द्यावी. इजाजतीचा हाच आधुनिक अर्थ आहे.

या प्रश्नाची निकड आजही कमी झालेली नाही. १५ वर्षे आणि त्यावरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. त्यात स्वयंसेवक शिकवतात, परीक्षा होते आणि उत्तीर्णांना प्रमाणपत्र मिळते. ३० मे २०२५ रोजी, घटक राज्य दिनी, गोव्याने या कार्यक्रमांतर्गत आपण पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा केली. एका अर्थाने हा सबंध राज्याचा ग्रामगौरव होय आणि तो अभिमानास्पद आहे. सातारा जिल्ह्यातील गावांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी असाच अभिमान अनुभवला होता. त्यांच्याकडे जे कमी पडले ते आज पुरवायचे असेल, तर घोषणेनंतरच्या महिन्यात नवसाक्षराच्या हाती कोणते पुस्तक पडते, कोणत्या लिपीत पडते आणि ते कोण नेऊन देते, याकडे लक्ष द्यावे लागेल. ते काम शासनाच्या परिपत्रकाने पुरे होणार नाही. ते मोहल्ल्यातील वर्गात बसलेल्या अध्यापकालाच करावे लागेल.